‘शेक’ म्हणजे काय? – किरणोपचाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

गेल्या वर्षीची गोष्ट. इतिहासाचा तास संपवून मी वर्गाबाहेर पडत होतो, तोच एक विद्यार्थिनी मागून आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, शेक म्हणजे काय असतं? त्यानं माणूस जळतो का?”

चौकशी केल्यावर समजले, की तिच्या अम्मीला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती. पुढे शेक घ्यावाच लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण घर तयार होत नव्हते. कुणी म्हणे, शेकाने कातडी जळून जाते. कुणी म्हणे, शेक घेतलेल्या बाईजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये, तिच्या अंगातून किरण बाहेर पडतात. दादीचे म्हणणे असे, की शेक शेवटच्या अवस्थेतल्या माणसाला देतात आणि तो घेतला म्हणजे सारे संपले. या वादात दोन महिने निघून गेले होते.

मी बी. ए., बी. एड.; इतिहास आणि मराठी शिकवणारा शिक्षक. मला उत्तर देता आले नाही. “विचारून सांगतो,” एवढेच मी म्हणालो. त्यानंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, वाचनालयातून पुस्तके आणली, एका परिचित डॉक्टरांकडे जाऊन बसलो. तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न जितका विज्ञानाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. त्या घरातल्या तिन्ही भीती निराधार नव्हत्या. त्या एके काळी खऱ्या होत्या. मात्र त्या केव्हा आणि कशा खोट्या ठरल्या, हे घरापर्यंत कुणी पोहोचविलेच नव्हते. ते पोहोचविण्यासाठी हा लेख.

वुर्झबर्गची ती संध्याकाळ

8 नोव्हेंबर 1895. जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात विल्हेल्म रोंटगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेत एकटेच काम करीत होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडला असता काय घडते, हे ते पाहत होते. नळी काळ्या कागदाने पूर्ण झाकलेली होती, खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावर ठेवलेला, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. नळीतून प्रकाश बाहेर पडत नव्हता, हे उघड होते. मग पडदा चमकला कशाने?

दुसरा एखादा गृहस्थ बाजारात धावला असता. रोंटगेन यांनी तसे केले नाही. पुढचे जवळजवळ सात आठवडे ते प्रयोगशाळेतच राहिले. जेवणही तेथे आणि झोपही तेथे. या अज्ञात किरणांच्या वाटेत त्यांनी कागद ठेवला, लाकूड ठेवले, धातूचे पत्रे ठेवले. कागदातून व लाकडातून किरण आरपार जात, शिशाने मात्र अडत. 22 डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यावर किरण सोडले. काचेवर उमटली ती हाडांची आकृती आणि बोटातली अंगठी. बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो. त्याच न्यायाने रोंटगेन यांनी या किरणांना अज्ञाताचे नाव दिले आणि मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले.

डिसेंबरच्या 28 तारखेला त्यांनी आपला निबंध सादर केला. पुढच्या काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत मोडलेली हाडे आणि शरीरात अडकलेल्या गोळ्या दिसू लागल्या. 1901 साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक रोंटगेन यांना मिळाले. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम विद्यापीठाला देऊन टाकली. हा माणूस वैद्य नव्हता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. रुग्णालयात ज्याला आपण आज ‘फोटो काढणे’ म्हणतो, त्याची सुरुवात विजेच्या नळीशी झटणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाकडून झाली.

रेडियम आणि एका स्त्रीची जिद्द

रोंटगेन यांच्या शोधाने चकित होऊन पॅरिसमध्ये हेन्री बेक्वेरेल यांनी 1896 साली युरेनियमच्या क्षारांवर प्रयोग केले. हे क्षार कुणी ऊन न दाखविता, वीज न लावता आपोआपच किरण सोडतात, असे त्यांना आढळले. या विषयावर पुढे काम केले ते मारी क्युरी या पोलंडहून शिक्षणासाठी आलेल्या तरुणीने. तिच्या मायदेशात, रशियन अमलाखालील वॉर्सात, मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. म्हणून ती पॅरिसला आली होती.

मारी आणि तिचे पती पियेर यांनी 1898 साली पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. पण शोध लागला म्हणजे पदार्थ हाती आला असे नव्हे. गळक्या छपराच्या एका शेडमध्ये टनावारी खनिज उकळून, ढवळून, गाळून 1902 पर्यंत शुद्ध रेडियम क्षार मिळाला तो ग्रॅमचा एक दशांश! या जोडप्यानेही पेटंट घेतले नाही. मारी क्युरींना 1903 साली पदार्थविज्ञानाचे आणि 1911 साली रसायनशास्त्राचे, अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली.

इतिहासाच्या शिक्षकाला मोह होतो तो त्यांच्या पुढच्या कामाचा. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. जखमी सैनिकांना दूरच्या रुग्णालयात नेईपर्यंत पुष्कळांचा जीव जाई. तेव्हा मारी क्युरींनी मोटारीत क्ष-किरण यंत्र बसवून ते रणभूमीजवळ नेण्याची योजना केली. अशा सुमारे 20 गाड्या आणि सुमारे 200 कायम केंद्रे त्यांनी उभी केली. स्वतः मोटार चालविण्यास त्या शिकल्या. सुमारे 150 स्त्रियांना त्यांनी हे यंत्र हाताळण्याचे शिक्षण दिले. त्यांची थोरली मुलगी आयरीन ऐन विशीच्या आत आईबरोबर या कामात उतरली. आपल्या मुलींना विज्ञान झेपेल का, असे विचारणाऱ्या पालकांनी या मायलेकींचे चरित्र अवश्य वाचावे.

उत्साहाची किंमत

आता त्या भीतीकडे येऊ. किरणांनी कातडी जळते, ही गोष्ट सुरुवातीच्या संशोधकांनी स्वतःच्या अंगावर अनुभवली. बेक्वेरेल यांनी 1901 साली रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि तेथील त्वचेवर व्रण उमटला. पियेर क्युरी यांनी मुद्दाम आपल्या हातावर रेडियम ठेवून जखम होऊ दिली आणि तिची नोंद केली. यातूनच विचार पुढे आला, की जे निरोगी त्वचा जाळते, ते रोगट गाठही जाळू शकेल. व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी तर 1896 सालीच एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर क्ष-किरणांचा उपचार केला होता. किरणोपचाराचा आरंभ हा असा झाला.

परंतु या शक्तीचे माप कुणापाशीच नव्हते. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे क्ष-किरणांच्या नळ्या तपासताना आपलाच हात किरणांसमोर धरीत. हातांना कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि 1904 साली त्यांचा अंत झाला. एडिसन यांनी ते काम कायमचे सोडून दिले. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. त्यांपैकी कित्येकींचे जबडे कुजले, कित्येकी मरण पावल्या. मारी क्युरींचाही 1934 साली रक्ताच्या विकाराने अंत झाला. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सर्गी असून शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

जर्मनीत हॅम्बर्ग शहरातील एका रुग्णालयाच्या आवारात 1936 साली एक स्तंभ उभारण्यात आला. क्ष-किरण आणि रेडियम यांचे काम करताना प्राण गमावलेल्या डॉक्टर, पदार्थवैज्ञानिक, तंत्रज्ञ व परिचारिकांची 169 नावे त्यावर कोरली गेली. पुढे त्यांत भर पडत गेली. आज रुग्णालयात फोटो काढताना तंत्रज्ञ भिंतीआड जाऊन उभा राहतो, छातीवर एक लहानसा बिल्ला लावतो. ही दक्षता या माणसांच्या मरणातून जन्माला आली आहे. बिल्ल्यात किती किरण अंगावर पडले याची नोंद होते. आपल्या देशात असे काम करणाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठरलेली असून 1983 साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ तिच्यावर देखरेख ठेवते.

थोडा थोडा शेक

शेक एकदम का देत नाहीत, पाच-सहा आठवडे रोज फेऱ्या का माराव्या लागतात, असा प्रश्न त्या घरातही विचारला गेला होता. त्याचे उत्तर 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये मिळाले. क्लोद रेगो या संशोधकांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. प्रजननग्रंथी निकामी करण्याइतके किरण एकदम दिले, तर वरची कातडी जळे. तेच किरण लहान लहान हप्त्यांत अनेक दिवस दिले, तर ग्रंथी निकामी होई, पण कातडी बचावे. ग्रंथीतल्या पेशी भराभर वाढणाऱ्या. कर्करोगाच्या पेशीही तशाच. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच पद्धत घशाच्या कर्करोगावर वापरून 1922 साली बरे झालेले रुग्ण दाखविले.

याचे कारण साधे आहे. किरण पेशीच्या केंद्रातील जनुकांचे धागे तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड एका रात्रीत बऱ्याच प्रमाणात दुरुस्त करते. कर्करोगाच्या पेशीला ते तितके साधत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाव पडतो. असे करीत करीत शत्रू दमतो आणि घरचा माणूस तगतो. म्हणून शेकाच्या फेऱ्या मध्येच सोडणे फार घातक. सुट्टी, लग्नकार्य, बसभाडे यांपायी चार दिवस गेले, तर दमलेल्या शत्रूला आपणच विश्रांती दिल्यासारखे होते.

कोबाल्ट आणि वेगयंत्र

तरीही एक मोठी अडचण उरली होती. त्या काळच्या क्ष-किरणांची शक्ती कमी असल्याने त्यांचा सर्वांत मोठा मारा कातडीवरच होई. गाठ खोल असली, की तिथपर्यंत किरण पोहोचविण्यासाठी कातडीला भाजून घ्यावे लागे. दादीच्या पिढीने ऐकलेली जळलेल्या कातडीची गोष्ट या काळातील आहे.

यावर उपाय निघाला अणुभट्टीतून. आयरीन क्युरी आणि त्यांचे पती फ्रेडरिक जोलियो यांनी 1934 साली कृत्रिम किरणोत्सर्ग शोधून काढला. म्हणजे साध्या मूलद्रव्याला किरणोत्सर्गी करता येते, हे सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत साधा कोबाल्ट ठेवून त्याचा कोबाल्ट-60 बनविण्यात आला. त्याचे गॅमा किरण जोरकस असतात. त्यांचा पूर्ण मारा कातडीवर न होता कातडीच्या खाली होतो. ऑक्टोबर 1951 मध्ये कॅनडातील लंडन या शहरात आणि लगेच नोव्हेंबरात सॅस्कटून येथे रुग्णांवर कोबाल्टचे उपचार सुरू झाले.

सॅस्कटूनचे यंत्र हॅरॉल्ड जॉन्स या पदार्थवैज्ञानिकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तयार केले होते. त्यांच्यात सिल्व्हिया फेडोरुक नावाची एक तरुणी होती. किरण शरीरात किती खोलीवर किती पोहोचतात, याची मापे काढण्याचे किचकट काम तिने केले. पुढे ती त्या प्रांताची नायब राज्यपाल झाली. तेथील पहिली रुग्ण होती चार मुलांची आई, वय 43, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. ती बाई नव्वदीपर्यंत जगली. शेक घेतला म्हणजे सारे संपले, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर मजपाशी नाही.

अणूचे स्फोट करून दोन शहरे उद्ध्वस्त झाली त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. ज्या विद्येने हे केले, तिनेच चार मुलांच्या आईला जगविले. विद्या तीच, प्रश्न ती कुणाच्या हाती आणि कशासाठी, हा आहे.

युद्धातून आलेली दुसरी देणगी म्हणजे वेगयंत्र, म्हणजेच लिनिअर ॲक्सिलरेटर. शत्रूची विमाने टिपण्यासाठी रडारकरिता ज्या सूक्ष्म लहरींचे तंत्र विकसित झाले, त्याच लहरींवर इलेक्ट्रॉनना स्वार करून प्रचंड वेग देता येतो. हे इलेक्ट्रॉन धातूवर आदळले, की अतिशय जोरकस क्ष-किरण निघतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली अशा यंत्रावर पहिला रुग्ण घेण्यात आला. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे 1956 च्या जानेवारीत दोन वर्षांच्या एका बालकावर उपचार झाले. त्याचा एक डोळा कर्करोगापायी आधीच काढावा लागला होता. दुसरा डोळा या यंत्राने वाचला. वेगयंत्राचा मोठा फायदा असा, की बटण बंद केले की किरण बंद. कोबाल्टचे तसे नसते. तो अहोरात्र किरण सोडतच राहतो आणि दर 5.27 वर्षांनी त्याची शक्ती निम्मी होते.

यंत्र आले म्हणजे दक्षता संपली, असे मात्र नव्हे. थेरॅक-25 या वेगयंत्राच्या संगणकीय आज्ञावलीत दोष राहिल्याने 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांवर बेसुमार किरण पडले. काहींचा मृत्यू झाला. 1987 साली ब्राझीलमधील गोयानिया येथे ओस पडलेल्या एका दवाखान्यातून भंगारवाल्यांनी उपचाराचे यंत्र उचलून नेले आणि त्यातील निळा चमकणारा पदार्थ घरोघर फिरला. चार माणसे दगावली. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारातही 2010 साली कोबाल्ट आला आणि एकाचा बळी गेला. भीती बाळगावी ती अशा हलगर्जीपणाची. शिस्तीने दिलेल्या उपचाराची नव्हे.

शरीराच्या आतले चित्र

गाठ नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर किरण सोडणार कोठे? साध्या फोटोत हाड, फुप्फुस, हृदय सारे एकावर एक पडते. ही अडचण ॲलन कॉरमॅक या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला जाणवली. 1956 साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ते आठवड्यातून दीड दिवस काम पाहत. शरीरातून निरनिराळ्या कोनांतून किरण सोडले आणि प्रत्येक वेळी किती अडले ते मोजले, तर गणिताने आतले चित्र काढता येईल, असे त्यांनी दाखविले. त्यांचे निबंध 1963 व 1964 साली छापून आले. फारसे कुणी लक्ष दिले नाही.

इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड या अभियंत्याने तीच कल्पना स्वतंत्रपणे यंत्रात उतरविली. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर त्यांनी पहिले यंत्र रचले, कसायाकडून जनावरांचे मेंदू आणून त्यांची चित्रे घेतली. पहिल्या चित्राला नऊ दिवस लागले! 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. हाच आपला सी. टी. स्कॅन. आज तेच काम काही सेकंदांत होते.

1979 साली कॉरमॅक आणि हौन्सफील्ड यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी पदार्थविज्ञानाच्या पारितोषिकाचे एक मानकरी होते झंगचे प्रा. अब्दुस सलाम. स्टॉकहोमच्या समारंभाला ते अचकन आणि पगडी घालून गेले होते. त्यांनी 1964 साली इटलीतील त्रिएस्त येथे गरीब देशांतील शास्त्रज्ञांसाठी एक केंद्र सुरू केले. त्याच केंद्रात 2014 पासून वैद्यकीय पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम चालतो आणि विकसनशील देशांतील तरुण तेथे शिकून आपल्या देशातल्या रुग्णालयांत परततात.

आवाजाच्या सूक्ष्म लहरींनी चित्र काढणारी सोनोग्राफीही पदार्थविज्ञानाचीच लेक. पियेर क्युरी यांनी आपल्या भावासह 1880 साली स्फटिकांचा जो गुणधर्म शोधला, तो तिच्या मुळाशी आहे. पाणबुड्या शोधण्यासाठी आणि धातूतील चिरा तपासण्यासाठी हे तंत्र प्रथम वापरात आले. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी ते 1950 च्या दशकात शरीराकडे वळविले. आपल्याकडे याच यंत्राचा उपयोग पोटातील मुलगी शोधून मारण्यासाठी झाला आणि 1994 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला, ही शरमेची गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे.

एम. आर. आय. यंत्रात किरणोत्सर्ग नसतो. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात आपल्या शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रे एका शिस्तीत येतात. रेडिओलहरींनी त्यांना डिवचले, की ती उलट संदेश देतात. ब्लॉक आणि पर्सेल यांनी 1946 साली याचा शोध लावला. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांनी 1970 च्या दशकात त्यापासून चित्र काढण्याची रीत दिली आणि 2003 साली नोबेल मिळविले. हे मॅन्सफील्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात कामाला लागले होते. पुढे रात्रीच्या वर्गांत शिकून वर आले. गंमत अशी, की या यंत्राच्या मूळ नावात ‘आण्विक’ हा शब्द होता. लोक घाबरतात म्हणून तो काढून टाकावा लागला. तेव्हा भीती फक्त आपल्याच गल्लीत राहते असे नाही.

आपला वारसा कोणता?

आपल्या सभासमारंभांतून पुष्कळदा ऐकू येते, की हे सारे शोध आपल्या पूर्वजांनी आधीच लावले होते. क्ष-किरणांबाबत तसे काही नाही आणि तसे म्हणण्याने मुलांचे भले होत नाही. मात्र एक खरा वारसा आहे. सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीत लहानशा छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले आणि डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे जुन्या ग्रीक पंडितांचे मत चुकीचे ठरविले. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी दाखविले. त्यांचा ‘किताबुल मनाझिर’ हा ग्रंथ लॅटिनमध्ये भाषांतरित होऊन युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नये, तपासून पाहावे, हा त्यांचा वारसा. रोंटगेन त्याच वाटेने गेले. शेजारणीने सांगितले म्हणून शेक टाळणारे आपण त्या वाटेवर आहोत का, याचा विचार व्हावा.

आपल्या मुंबईत

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्या दुःखातून ही वास्तू उभी राहिली. मारी क्युरींच्या हाताखाली काम केलेले डॉ. रामय्या नायडू हे या रुग्णालयात आले. भारतातील वैद्यकीय पदार्थविज्ञानाचे ते आद्य पुरुष. 1962 साली रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले आणि शेजारच्या तुर्भ्यातील शास्त्रज्ञांशी त्याची गाठ पडली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र तयार केले. टाटा केंद्राच्या खारघर येथील संस्थेत 2023 पासून प्रोटॉन किरणांचेही उपचार होऊ लागले आहेत. हे किरण ठरावीक खोलीवर आपली शक्ती टाकून थांबतात, पलीकडे जात नाहीत. ही कल्पना रॉबर्ट विल्सन या पदार्थवैज्ञानिकाने 1946 साली मांडली होती.

तीन प्रश्नांची तीन उत्तरे

कातडी जळते का? पूर्वी जळे. आजच्या यंत्रांनी कातडी काळवंडते, लालसर होते, कधी सोलवटते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती भरून येते. थकवा येतो, तोही हळूहळू जातो. शेक घेताना मात्र काही जाणवत नाही.

रुग्णाजवळ मुलांनी जावे का? बाहेरून दिलेल्या शेकानंतर अंगात किरण उरत नाहीत. दिवा विझविला की खोलीत उजेड उरत नाही, तसेच ते. अम्मीने घरी येऊन मुलाला खुशाल मांडीवर घ्यावे. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात दिले असेल किंवा किरणांचे मूळ शरीरात ठेवले असेल, तरच डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर ठेवावे.

शेक म्हणजे शेवट का? नाही. पुष्कळ रुग्णांत तो रोग बरा करण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठीच देतात. काही वेळा वेदना कमी करण्यासाठी देतात, हेही खरे. आपल्या रुग्णाला कशासाठी देत आहेत, हे डॉक्टरांना सरळ विचारावे.

आणखी एक. छातीचा एक साधा फोटो म्हणजे सुमारे 0.1 मिलिसिव्हर्ट. माती, आकाश आणि हवा यांतून जगातील माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. तेव्हा गरजेच्या फोटोला भिऊ नये. सी. टी. स्कॅनमध्ये किरण पुष्कळ अधिक असतात, म्हणून तो विनाकारण काढू नये आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना जुने फोटो बरोबर न्यावेत. गर्भवती स्त्रीने तसे आधीच सांगावे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

ती विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा एका रविवारी माझ्या घरी आले. मी जे वाचले होते ते त्यांना सांगितले आणि पुढे त्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. अम्मींचा शेक पुरा झाला. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो, हेही त्यांना तेव्हाच समजले. आज त्या घरी आहेत, दर काही महिन्यांनी तपासणीला जातात. “दोन महिने आधी आला असता तर बरे झाले असते,” असे डॉक्टर म्हणाले होते. त्या दोन महिन्यांचे काय होईल, हे येणारी वर्षेच सांगतील. आपण दुआ करू या. पण दुआ आणि दवा यांत भांडण लावू नये, एवढे तरी या अनुभवातून शिकावे.

आपल्या समाजात हुशार मुलगा म्हटला की डॉक्टर किंवा इंजिनिअर, आणि ते जमले नाही की निराशा. या लेखातील नावे पुन्हा वाचा. रोंटगेन, क्युरी, जॉन्स, कॉरमॅक, मॅन्सफील्ड. यांतील एकही डॉक्टर नव्हता आणि यांनी वाचविलेल्या माणसांची मोजदाद होणार नाही. आजही शेकाच्या प्रत्येक विभागात किती किरण, कोणत्या कोनातून, किती वेळ, याचा हिशेब करणारा वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक असावाच लागतो. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करून भाभा अणुसंशोधन केंद्राचा किरण-पदार्थविज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. तो 1962 पासून चालू आहे. बारावी विज्ञानानंतर क्ष-किरण व किरणोपचार तंत्रज्ञांचेही अभ्यासक्रम आहेत. स्त्री-रुग्णांना यंत्राखाली झोपविताना तेथे स्त्री तंत्रज्ञ असली तर संकोचापायी उपचार टाळणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी येतील. या कामाला आपल्या मुली का जाऊ नयेत?

ती मुलगी आता अकरावी विज्ञानाला आहे. पदार्थविज्ञान अवघड जाते, असे परवा भेटली तेव्हा म्हणाली. क्युरीबाईंनाही पॅरिसला आल्यावर पहिली वर्षे गणित आणि फ्रेंच दोन्ही जड गेले होते, असे मी तिला सांगितले आणि विज्ञानाच्या सरांकडे शिकवणीला बसविले. पुढच्या वेळी एखाद्या घरातून ‘शेक म्हणजे काय’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाने धडपडत शोधण्याची वेळ येऊ नये. ते आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या कुणीतरी अधिकाराने द्यावे, एवढीच इच्छा.